मासे पास करणारे परुळेकरकाका

आमच्या शेजारचे परुळेकरकाका गळाला लागलेला मासा आधी तपासतात. तो पाण्याबाहेर काढत नाहीत. होडीच्या कडेला वाकून, दोन्ही हात मनगटापर्यंत नदीत बुडवून, ओल्या तळव्यांवर त्याला अलगद धरतात. डावी बाजू बघतात, उजवी बघतात, कल्ले, शेपूट, खवल्यांची ओळ. मग मान हलवून म्हणतात, "पास." आणि तळवे उघडतात. मासा निघून जातो. अगदीच लहान असला तर "रीवर्क" म्हणतात, म्हणजे अजून वाढून ये. रिजेक्ट झालेला मासा मी आजवर पाहिलेला नाही.

ज्यांनी काकांना नोकरीत पाहिलंय त्यांचा यावर विश्वास बसत नाही. अंबरनाथला यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते, आणि तिथे त्यांच्या टेबलावरून काही म्हणजे काही पास होत नसे. केसाइतका फरक असला तरी माल परत. कामगार त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे 'परत'ळेकर. कुमुदकाकू सांगतात की हा गुण लग्नातच दिसला होता. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, की डावीकडचं टोक जरा वर घ्या, कापड तिरकं आहे. भटजींनी मंगलाष्टक थांबवलं, अंतरपाट सरळ केला आणि मगच पुढचं म्हटलं.

माणसं निवृत्त झाली की देवाधर्माला लागतात किंवा सोसायटीच्या कमिटीत जातात. काका नदीवर गेले.

आम्ही बदलापुरात राहतो. इथून उल्हास नदी फार लांब नाही, पण बहुतेकांना ती पुरात आठवते. काका मूळचे मालवणकडचे, मासे त्यांच्या रक्तात. सुरुवातीला ते साधा गळ घेऊन जात. गळाला लावायला गांडुळं लागत, आणि ती ताजी राहावीत म्हणून काकांनी ती दह्याच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली होती. काकूंनी कढी करायला तो डबा उघडला. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं ते भिंतीपलीकडे आम्हालाही नीट ऐकू आलं. आई म्हणाली होती, "आता या माणसाची मासेमारी संपली."

पण संपली नाही, सुधारली. कारखान्यात एकदा मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना तो त्याची मासे पकडायची काठी काकांना देऊन गेला होता, आणि ती इतकी वर्षं माळ्यावर पडून होती. या काठीला गांडूळ लागत नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लागते. तिला वजन नसतं, म्हणून जाड दोरीच हवेत मागेपुढे झुलवत झुलवत लांब टाकायची, की टोकाची माशी पाण्यावर खऱ्या माशीसारखी टेकते. काकांनी सोसायटीच्या गच्चीवर याचा सराव सुरू केला. पहिल्या आठवड्यात वाळत घातलेले दोन परकर आणि टीव्हीची एक तार पकडली गेली. वॉचमन पाण्याची टाकी बघायला वर जाताना आधी जिन्यातून हाक मारू लागला.

माश्या ते स्वतः बांधतात. पिसं चिकनवाल्याकडून आणतात, कोंबड्याच्या मानेचीच हवीत म्हणून दुकानात उभं राहून निवडून घेतात. लोकर जुन्या स्वेटरची. चमकीसाठी त्यांनी काकूंच्या शालूची जर उसवली, तेव्हा काकू तीन दिवस माहेरी जाऊन आल्या. आता उल्हासनगरच्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानांतून उरलेले गोट्याचे, म्हणजे चमचमत्या जरीच्या किनारीचे, तुकडे आणतात. ते म्हणतात, आपल्या नदीतल्या माशांना सिंधी लग्नातली चमकी फार आवडते.

होडीही उल्हासनगरचीच. कॅम्प चारमध्ये ताडपत्री आणि रबराचं काम करणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडून त्यांनी हवा भरायची चपट्या बुडाची होडी करून घेतली. दोनदा परत केली. तिसऱ्यांदा काका शिवण बोटाने दाबून बघायला लागले तेव्हा तो माणूस हात जोडून म्हणाला, "काका, नदी में ही जाना है ना? आप तो ऐसे देखते हो जैसे अफ्रीका जाओगे."

अशी होडी झाल्यावर आपण एकट्यानेच का जायचं म्हणून काकांनी लोकांना न्यायला सुरुवात केली. पाऊस सरला की दर रविवारी. चामटोलीच्या बाजूला एका शेताच्या कडेने नदीत उतरायचं, काका वल्ही धरणार, पुढे-मागे दोन-चार माणसं बसून आळीपाळीने माशी टाकणार, आणि वाहत वाहत दुपार कलताना बदलापूरच्या अलीकडे बाहेर यायचं. वरच्या अंगाला वीजघराचं पाणी सुटतं, म्हणून नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. डाव्या हाताला चंदेरीचा सुळका आणि मागे माथेरानचा डोंगर सबंध वेळ सोबत चालतात. मध्ये कुठे म्हशी, कुठे भाजीचे मळे, कुठे नुसता करंज आणि त्याची सावली. डोह आला की पाणी थांबल्यासारखं वाटतं, आणि होडीतली माणसंही आपोआप थांबतात.

आपोआप नाही थांबली तर काका थांबवतात. गिऱ्हाईक येतं ते मोबाइलवर गाणी लावून. काका मोबाइल मागून घेतात आणि पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवतात. कुणी विचारलं की मासा कधी लागेल, मोठा डोह कधी येईल, जेवण कधी, तर सगळ्याला त्यांचं एकच उत्तर असतं. "सावकाश. डिस्पॅच संध्याकाळी आहे."

मासा सोडून द्यायचा हे मात्र कुणाला पटत नाही. शेतमालक आगरी आहे, तो काकांना वेडसर समजतो, पण प्रेमाने. काकू दर रविवारी सकाळी बाजारातून बांगडे आणतात, कारण नवरा दिवसभर मासेमारी करून रिकाम्या हाताने येणार हे त्यांना माहीत असतं. कोळीण त्यांना चिडवते, की होडीवाल्याची बायको बांगडे माझ्याकडनं घेते. सगळ्यांत वाईट वाटलं होतं लछमनभाईंना. त्यांचं कॅम्प चारमध्ये चष्म्याचं दुकान आहे. पहिल्यांदा आले तेव्हा येताना बर्फाचा डबा घेऊन आले होते. त्यांच्या आजोबांनी सिंधमध्ये खाल्लेल्या पल्ला माशाच्या गोष्टी त्यांनी चामटोलीपासून सांगायला सुरुवात केली. मग त्यांच्या माशीला एक चांगला खवला मासा लागला, ज्याला पुस्तकात महसीर म्हणतात, सोन्यासारख्या खवल्यांचा. काकांनी तो पाण्यातच तपासला, पास केला आणि सोडला.

लछमनभाईंनी बर्फाच्या डब्याचं उघडलेलं झाकण परत लावलं. "साईं," ते म्हणाले, "हे तर घाटे का धंदा झाला."

पण पुढच्या महिन्यात ते परत आले, बर्फाच्या डब्याशिवाय. आता ते स्वतःच मासा सोडतात आणि सोडल्यावर हात जोडतात. झूलेलाल माशावर बसून येतो, तेव्हा हे आपल्या देवाचं वाहन आहे, त्याला घरी जाऊ द्यायला हवं, असं त्यांनी स्वतःच्या मनाशी जुळवून घेतलंय.

काकांचा खरा अभिमान माशाचा नव्हेच. तो त्या दोरीचा. त्यांची दोरी हवेत एक वळसा घेते, क्षणभर उभी राहते आणि मग पाण्यावर इतकी अलगद उतरते की माशी टेकल्याचं वलय आधी दिसतं, दोरी नंतर. गिऱ्हाइकांसमोर ती एकदा जरा वाकडी पडली होती. त्या रात्री काका जेवले नाहीत. काकू ताट घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "वसू, तू तरी खा गं, यांचं आज काहीतरी रिजेक्ट झालंय."

अशा माणसाला गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदू झाला.

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग एकदा त्यांनी नदीकाठच्या म्हशीला शेतमालक समजून हात केला आणि वर पाऊसपाण्याची चौकशीही केली. एकदा माशी बांधता बांधता स्वतःच्या शर्टाच्या बटणाला बांधली. त्यांची पुण्याची लेक आली, तिने बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, की ज्या दिवशी बाबांना समोरचा दगड दिसत नाही असं कळेल, त्या दिवशी होडी विकली. माणसं घेऊन जाता, उद्या कुणी बुडालं तर? यात चूक काहीच नव्हतं. काका ऑपरेशनचा विषय निघाला की हात झटकत. अजून पिकला नाही, पिकू दे, म्हणत. काकू म्हणत, आंबा आहे का तो, अढी घालायला?

त्याच वर्षी पावसाळ्यात माझी आई गेली. शेवटची काही वर्षं ती अंथरुणावर होती आणि मी कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी सांभाळून तिच्याजवळ असायची. नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. रजा घेतली होती, ती वाढवत गेले. पुस्तक उघडून बसायची. पान उलटायचं राहून जायचं. काका-काकू मध्ये काही दिवस पुण्याला लेकीकडे गेले होते, तिच्या घराला रंग द्यायचा होता म्हणे. तेव्हा जिनाही शांत असायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका आमच्या दारात आले. डोळ्यांवर उन्हाचा तपकिरी चष्मा. आत आले, खुर्ची चाचपत चाचपत बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "वसू, मला समोरचं दिसत नाही. पुण्याला बोलायचं नाही. तुझ्या काकूशी बोलायचं नाही. सीझन सुरू झालाय. तू पुढे बसायचं आणि समोर काय आहे ते सांगायचं. नाहीतर होडी गेली समज."

मी म्हटलं, "काका, मला जमणार नाही." ते म्हणाले, "नाही जमलं तर विकू. त्यात काय." आणि उठताना टीपॉयला अडखळले. त्या रविवारी मी गेले.

काम सोपं वाटलं होतं. समोर दगड आला की सांगायचं दगड. पण काकांनी पहिल्याच वळणावर वल्हं थांबवलं. कसला दगड, किती मोठा, पाणी त्याच्या कुठल्या अंगाने जातंय, फेस आहे की नाही? "हा काय रिपोर्ट झाला?" ते म्हणाले. "नुसतं दगड म्हणून मी काय समजू?" मग मला बघून सांगावं लागू लागलं. दगड काळा आहे, म्हशीच्या पाठीसारखा, वर सुकलेलं शेवाळ आहे, पाणी डावीकडून वळतंय. झाड आलं की कुठलं झाड. फुललंय का. काठावर बाई कपडे धुतेय तर कसले कपडे. मी एकदा चिडून म्हटलं की कपड्यांना होडी आपटणार आहे का? ते शांतपणे म्हणाले, "इन्स्पेक्शन अर्धवट करायचं नसतं."

रविवारमागून रविवार मी जात राहिले. दिवाळीनंतर रजाही संपवली, कारण सोमवारी सकाळी उठायची सवय पुन्हा लागली होती. काका बसल्याजागी पाण्याच्या आवाजावरून होडी वळवायचे, मी सांगायची. हळूहळू मला वाटू लागलं की ही होडी माझ्यामुळे वाहतेय. भीतीही वाटे. एका रविवारी लछमनभाई आणि त्यांचे दोन मित्र असताना काकांनी माशी टाकून दाखवली ती सरळ बाभळीत. अगदी वरच्या फांदीला. मित्र खो खो हसले. एक म्हणाला, "अंकल, ये पेड़वाली मछली है क्या?" काकाही हसले. मला मात्र हसू आलं नाही. हे असं चालू राहिलं तर कुणीतरी पुण्याला कळवणार, आणि मग संपलं. काका होडीशिवाय कसे राहतील ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, कारण नुसतं खुर्चीत बसून राहणं कसं असतं ते मला ठाऊक होतं.

म्हणून मी ठरवलं की निदान माश्या बांधायला त्यांना एक चांगलं भिंग आणून द्यायचं, टेबलाला लावायचं, दिवा असलेलं. कॉलेज सुटल्यावर एका संध्याकाळी उल्हासनगरला उतरले, रिक्षा करून कॅम्प चारमध्ये लछमनभाईंच्या दुकानात गेले.

त्यांनी बसवलं, चहा मागवला, आणि भिंग कुणाला हवंय ते ऐकून चहाचा कप खाली ठेवला.

"काकाला? काकाला भिंग कशाला?"

मी मोघम म्हटलं, डोळ्यांना जरा त्रास आहे.

"अरे दीदी, कसला त्रास? गणपतीच्या आधी पुण्याला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना. जवळचा चष्मा मीच बनवून दिला. एकदम फर्स्ट क्लास रिझल्ट. इथे बसून त्यांनी समोरच्या दुकानाची पाटी वाचली, खालच्या फोन नंबरसकट." मग ते जरा पुढे झुकले. "त्या दिवशी पेड़ में मारा, तर मलाही वाटलं, नवा लेन्स खराब आला क्या. मी नंतर फोन करून विचारलं. तर म्हणतात, लेन्स एकदम ओके आहे, तू होडीत गप्प बसत जा."

मी चहा संपवला. भिंग घेतलं नाही.

परतताना स्टेशनवर एक गाडी सोडली आणि बाकावर बसून राहिले. पुण्याच्या घराचा रंग आठवला. काकूंनी माझ्या हातात दोन डबे देताना दर रविवारी न चुकता म्हटलेलं, की वसू, सांभाळ गं यांना, नदी दिसली की यांना दुसरं काही दिसत नाही. म्हणजे त्याही यात होत्या, आणि मी काकूंपासून काही लपवतेय असं मला वाटत होतं तेव्हा त्याच माझ्यापासून लपवत होत्या. मला राग आला. फसवल्याचा यायला हवा तसा आला. पण तो त्या बाभळीपाशी येऊन थांबला. दोरी जराशी वाकडी पडली म्हणून उपाशी झोपलेला हा माणूस. स्वच्छ डोळ्यांनी, नीट नेम धरून, त्याने माशी झाडाच्या शेंड्यात मारली होती, आणि गिऱ्हाइकांना पोटभर हसू दिलं होतं. कारण त्यांना दिसत नाही याची माझी खात्री राहायला हवी होती.

मी कुणाला काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी गिऱ्हाईक नव्हतं. कुणाचं तरी लग्न आडवं आलं होतं. आपण दोघंच जाऊ, काका म्हणाले, होडीला पाणी लागलं पाहिजे. चामटोलीला उतरलो. ऊन कोवळं होतं, चंदेरीच्या सुळक्यावर थोडं धुकं राहिलं होतं. मी पुढे बसले, पाठ त्यांच्याकडे. नेहमीसारखं सांगू लागले. उजवीकडे वाळू वर आलीय. पाणी घोट्याएवढं. मधून जा. त्यांनी मधून नेली.

मोठ्या डोहात आलो. पाणी काचेसारखं स्थिर, होडी जागच्या जागी फिरत होती. काकांनी विचारलं, "समोर काय?"

समोर करंजाची एक वाळकी फांदी पाण्यावर आडवी आलेली होती. तिच्यावर काही नव्हतं.

"फांदी आहे," मी म्हटलं. "तिच्यावर खंड्या बसलाय."

वल्ह्याचा आवाज थांबला. मी मागे वळून बघितलं. काकांनी तपकिरी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि ते सरळ त्या फांदीकडे बघत होते. फांदी त्यांना दिसत होती, आणि ती रिकामी आहे हेही दिसत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्यावरून एक पान वाहत होडीच्या कडेला लागलं आणि पुढे गेलं.

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"एकटाच आहे का?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा समोर तोंड करून बसले. "नाही," मी म्हटलं. "दोघं आहेत."

"बरं," काका म्हणाले, आणि वल्हं पाण्यात इतक्या हळू घातलं की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.